आधी पालक, मग आराखडा: कुटुंब सहाय्य केंद्राची रचना अनुभवी पालकांसोबत कशी करावी

कुटुंब सहाय्य केंद्र म्हणा, पालक मदत कक्ष म्हणा, खान्देशात अशी सेवा उभी राहते तेव्हा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. प्रस्ताव लिहिला जातो, निधी मंजूर होतो, खोली रंगवली जाते, माणसं नेमली जातात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की ‘पालकांचा सहभाग’ हा रकाना भरायचा राहिलाय. आशाताईंना निरोप जातो, प्रत्येकीनं पाच-पाच बाया आणायच्या. पाहुण्यांची भाषणं होतात, नाश्ता होतो, हजेरीपटावर सह्या-अंगठे होतात, फोटो निघतो. त्या दिवशी पालकांनी काहीही सांगितलं तरी बदलण्याजोगं फारसं काही उरलेलं नसतं.

हा क्रम कसा उलटवायचा, ते इथे पायरी-पायरीनं दिलं आहे. अनुभवी पालक म्हणजे स्वतःच्या लेकरासाठी ही वाट तुडवलेली माणसं: अतितीव्र कुपोषित मुलाला घेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात राहिलेली आई, सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलीला घेऊन दवाखान्याच्या खेपा घालणारा बाप, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या नातवाला सांभाळणारी आजी. तुम्ही संस्थेत असाल, रुग्णालयाच्या एखाद्या विभागात असाल किंवा पंचायत समितीत, पायऱ्या त्याच राहतात. गाळायच्या मात्र नाहीत, आणि त्यांची अदलाबदलही करायची नाही.

पायरी १. कुणालाही बोलावण्याआधी: काय बदलता येईल ते आपसात ठरवा

पहिली बैठक पालकांची नसते, तुमची असते. ज्यांचा शब्द चालतो अशा सगळ्यांना बसवा आणि कागदावर तीन रकाने पाडा: ठरून गेलेलं, आपल्या हातात असलेलं, वरच्या परवानगीनं होणारं.

समजा, जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला (जन्मजात दोष किंवा वाढीत अडचण असलेल्या मुलांवर लवकर उपचार करणारं केंद्र) जोडून पालक मदत कक्ष काढायचा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं तपासायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचं, हे ठरून गेलेलं आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज आणि मग डॉक्टरांसमोर तपासणी, हेही तुम्ही बदलू शकत नाही. पण तपासणीच्या दिवशी लांबच्या पाड्यावरून आलेल्यांचा नंबर आधी घ्यायचा का, कक्ष कोणत्या मजल्यावर हवा, दुपारी दोननंतर फोन कुणी उचलायचा, निदान पालकांना कुणी, कुठं बसून, कोणत्या बोलीत सांगायचं, हे सगळं तुमच्या हातात आहे. पालकांशी बोलायचं ते या मधल्या रकान्याबद्दल.

तो रकाना रिकामाच निघाला तर पालकांना बोलावू नका. योजनेची माहिती द्यायची असेल तर माहिती-सभा घ्या आणि तिला माहिती-सभाच म्हणा. लोकांना तेवढं कळतं.

*तपासून पाहा:* मधल्या रकान्यात निदान पाच गोष्टी आहेत का? त्या बदलण्याचा अधिकार असलेली व्यक्ती पालकांसोबतच्या बैठकीला स्वतः बसणार आहे का? तिनं ‘प्रतिनिधी पाठवतो’ म्हटलं तर तारीख पुढं ढकला.

पायरी २. पैशांची तजवीज, लेखी

पाहुण्या वक्त्याला गाडी, मानधन, शाल-श्रीफळ आणि दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या आईला समोसा, हे दृश्य नवं नाही. चार खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा: बुडालेली मजुरी, भाडं, जेवण आणि मुलांना सांभाळायची सोय.

मजुरीचा दर फायलीतून उचलू नका, गावात विचारा. निंदणीला रोज ठरलेला असतो, कापूस वेचणी किलोवर असते आणि हात चपळ असलेल्या बाईचा वेचणीचा दिवस निंदणीच्या दिवसापेक्षा महाग पडतो. बैठकीला येणाऱ्यांमध्ये ज्याचा दिवस सगळ्यात महाग, तो दर सगळ्यांना लावा. दहा जणांना दहा दर दिले की वाद होतात, आणि ते रास्तच असतात.

भाड्यात एक हमखास चूक होते. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून कारकून एसटीचं अर्धं भाडं धरून मोकळा होतो. धडगाव, अक्कलकुव्याच्या कितीतरी पाड्यांवरून माणूस जीपनं निघतो. जीपला सवलत नाही आणि जीपवाला तिकीटही फाडत नाही. म्हणून ‘प्रवासखर्च पालकाच्या स्वतःच्या नोंदीवरून द्यावा’ असा ठराव आधीच करून ठेवा, नाहीतर लेखापरीक्षणात तुम्ही अडकाल आणि पुढच्या वेळी भाडं द्यायलाच घाबराल. बाईसोबत दीर किंवा सासू आली तर त्यांचंही भाडं धरा. ती एकटी येणार नाही हे तुम्हाला ठाऊक असतं.

पैसे त्याच दिवशी, रोख, पावतीवर सही किंवा अंगठा घेऊन द्या. खात्यावर टाकतो म्हटलं की अर्ध्यांची खाती केवायसीसाठी बंद निघतात. रोख देण्याची मुभा नसेल तर अग्रिम उचलण्याची परवानगी बैठकीच्या आधी मिळवा, नंतर नाही.

*सावधान:* मजुरी बैठक संपल्यावर, साहेबांच्या हस्ते, फोटोसह देऊ नका. पालक येताच नोंदणीच्या टेबलावर देऊन टाका. शेवटी मिळणारे पैसे तोंड बंद ठेवतात.

पायरी ३. पालक निवडा

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली चूक म्हणजे बोलक्या पालकांची निवड. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन पालक असे असतात की कुठल्याही कार्यक्रमात माइक त्यांच्याकडेच जातो. ते वाईट नसतात, कष्टानं शिकलेले असतात. पण त्यांना सगळ्या खिडक्या माहीत झालेल्या असतात. नवख्या माणसाला पहिल्या खिडकीपाशी काय वाटतं, हे ते विसरलेले असतात. अशांपैकी एक घ्या, चार नको.

दुसरी चूक: जे सेवा घेतात त्यांनाच विचारणं. सेवेतलं भोक दिसतं ते सोडून गेलेल्यांना. पोषण पुनर्वसन केंद्रातून मुदतीआधी लेकरू उचलून घरी गेलेली आई, प्रमाणपत्राच्या पहिल्या खेपेनंतर फिरकलाच नाही तो बाप, थेरपीचं वेळापत्रक घेऊन गेलेलं आणि परत न आलेलं कुटुंब. केंद्रात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते, हे आपण अभिमानानं सांगतो. पण घरी दोन वर्षांचं दुसरं पोर आणि दावणीला दोन बकऱ्या असतील तर नुसत्या मजुरीनं प्रश्न सुटत नाही, हे सांगेल ती निघून गेलेली आईच.

अशी माणसं कुठं सापडतात? तुमच्याच नोंदवहीत, ‘पाठपुरावा नाही’ असा शेरा असलेल्या ओळींत. पण ती यादी कुणा संस्थेच्या हातात देऊ नका. आजार आणि अपंगत्व ही खासगी माहिती आहे. ज्या परिचारिकेनं किंवा विशेष शिक्षकानं त्या घराशी आधी बोलणं केलं आहे, त्यांनीच जाऊन विचारायचं: ‘अशी बैठक आहे, तुमचा नंबर त्यांना देऊ का?’ हो म्हटलं तरच नंबर पुढं जातो.

तिसरी चूक: सगळी निवड आशाताई किंवा सेविकाताईंवर सोपवणं. त्या आपल्या ओळखीच्या, आपल्याशी पटणाऱ्या घरी जाणार, साहजिक आहे. शिवाय उद्या त्यांच्याच कामाबद्दल बोलणं निघालं तर ती बाई काय बोलेल? निम्मे पालक त्यांच्याकडून, निम्मे इतर वाटांनी घ्या: शाळा, बचत गट, दवाखान्यातली रांग.

आठ ते दहा जण पुरेत. त्यात निदान दोन बाप हवेत, एक आजी हवी (दिवसभर मूल बहुधा तिच्याकडेच असतं), नुकतंच निदान झालेलं एक घर आणि पाच-सात वर्षं हे सगळं करणारं एक घर. गावठाणातले सगळे आणि पाड्यावरचा एकही नाही, असं झालं तर यादी फाडून पुन्हा करा. एका समाजाची एकच बाई घेतली तर ती बोलणार नाही, दोघी घ्या.

आणि दुःख ताजं असेल तर त्या घराला आत्ता ओढू नका. मूल अतिदक्षता विभागात असेल, नुकतंच गेलं असेल, तर निरोपही नको. चार-सहा महिन्यांनी, ओळखीच्या माणसाकरवी हळूच विचारा. नको म्हटलं तर विषय तिथंच सोडा.

*तपासून पाहा:* यादीत सेवा सोडून गेलेले निदान तीन पालक आहेत का? सरपंच, सदस्य किंवा कर्मचाऱ्याच्या घरातले किती आहेत? दोनपेक्षा जास्त असतील तर ती यादी पालकांची राहिलेली नाही.

पायरी ४. दिवस, जागा, बोली

आर्थिक वर्षाच्या कॅलेंडरवर बैठक ठरवली की ती बरोब्बर चुकीच्या दिवशी पडते. मार्चअखेर म्हणजे सातपुड्यात होळीच्या आगेमागे. भोंगऱ्या बाजाराच्या (होळीआधीचे आदिवासी बाजार) आठवड्यात तर पाड्यावर कुणी भेटणारच नाही. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कापूस. दिवाळीनंतर साक्री, नवापूर, तळोद्याची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात निघतात. चाळीसगावकडचे तांडेही रिकामे होतात. आखाजीला (अक्षय्य तृतीया) बाया माहेरी, श्रावणात कानबाई देवीच्या सणाचे रोट. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात पोर कडेवर घेऊन कुणाला बोलावणं हा गुन्हाच समजा, त्यातही सिकलसेलचं मूल असेल तर. पाणी कमी पडलं की त्याच्या वेदना उसळतात.

मग उरतं काय? पोळ्यानंतर नवरात्रापर्यंतचे आठवडे बऱ्यापैकी मोकळे असतात. स्थलांतर करणाऱ्या घरांसाठी होळीनंतर, आखाजीच्या आधीची एक बैठक वेगळी धरा. आठवडे बाजाराचा दिवस चालतो, पण बाजार भरण्याआधीचा तासच. नंतर बाईचं अर्धं लक्ष भाजी उतरायची वेळ होण्याकडे असतं.

जागा नियोजन भवनात नको. ज्या खोलीत पालकांनी कधीकाळी तासन्‌तास ताटकळत काढले, तीही नको. जिल्हा परिषद शाळेचा वर्ग, समाजमंदिर किंवा एखाद्या पालकाचं अंगण चालेल. खाली सतरंजी टाकायची असेल तर सगळेच खाली बसा. साहेब खुर्चीवर आणि पालक सतरंजीवर, असं झालं की पुढचं सगळं ठरून जातं.

बोलीचा प्रश्न आपण उगाच हलका धरतो. धुळे-जळगावात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, शहादा-धडगावात पावरी आणि भिली, नवापुरात मावची. प्रमाण मराठी पालकांना समजते, म्हणून ती चालेल असं आपण धरतो. समजणं वेगळं आणि तिच्यात रागावता येणं वेगळं. पालकानं ‘आम्हले काय समजस, तुम्हीच सांगा’ म्हटलं की समजा, बैठक चुकीच्या भाषेत सुरू झाली. दुभाषा लागेल तिथं आधीच शोधा. ज्यांच्या सेवेबद्दल बोलणं होणार आहे तेच कर्मचारी दुभाषे म्हणून घेऊ नका. महाविद्यालयात शिकणारी गावातलीच मुलगी हे काम फार चांगलं करते. तिलाही मानधन द्या.

पायरी ५. गोपनीयतेचं वचन, तेवढंच जेवढं पाळता येईल

‘इथलं बोलणं इथंच राहील’ असं सरसकट सांगू नका, कारण ते खरं नाही. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती झाली तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे हा प्रश्न कल्पनेतला नाही. लहान वयातल्या लग्नांमुळे पालक म्हणून येणारी आईच 18 वर्षांखालची असू शकते, आणि लग्न झालेलं असलं तरी कायदा तिला बालकच धरतो. एका वाक्यानं त्या घरावर गुन्हा दाखल होण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याशी बैठकीच्या आधी बोला: असं काही पुढं आलं तर आमचं पाऊल काय, कुणाला फोन, त्या मुलीच्या सोबत कोण राहील. मग पालकांना सोप्या शब्दांत सुरुवातीलाच सांगा: ‘तुमचं नाव, तुमच्या पोराचा आजार आम्ही बाहेर सांगणार नाही. पण एखाद्या लेकराला कुणी इजा करतंय असं कळलं तर आम्हाला ते कळवावंच लागतं.’ हे ऐकून काही जण गप्प होतील. फसवणूक होण्यापेक्षा ते बरं.

फोटोची परवानगी वेगळी घ्या आणि नको म्हणणं सोपं ठेवा. ‘कुणाला काही अडचण नाही ना?’ असं भरसभेत विचारलं तर ती परवानगी धरता येत नाही. अहवालाला फोटो लागतोच तर सतरंजीवर मांडलेल्या चिठ्ठ्यांचा घ्या.

पायरी ६. पहिली बैठक: गरजा विचारू नका, वाट मांडायला सांगा

‘तुम्हाला काय हवंय?’ या प्रश्नाला घरकुल, पगार, रस्ता अशी उत्तरं येतात. त्यात पालकांची चूक नाही, प्रश्नच तसा आहे. मग आपण म्हणतो, ‘पाहा, यांना विषयच कळत नाही.’

त्याऐवजी एक दिवस मांडायला सांगा. घरातून निघाल्यापासून परत चूल पेटेपर्यंत. जमिनीवर खडूनं रेघ ओढा. घर, पाडा, जीपचा थांबा, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, पुन्हा घर. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी: किती वेळ गेला (त्या जागी खडे ठेवायचे), किती पैसे गेले (शेंगा), आणि कोण काय बोललं. अक्षर येवो न येवो, यात सगळे येतात. बाप लोक पैशांवर बोलतात, आया ‘कोण काय बोललं’ यावर. दोन्ही लिहून घ्या.

या मांडणीतून तुमच्या कागदावर नसलेल्या गोष्टी वर येतात. नवापूर-नंदुरबारच्या कितीतरी घरांना सुरत सोपी वाटते, रेल्वे थेट जाते. रावेरची माणसं बऱ्हाणपूर गाठतात. मग मुलाचे आधीचे कागद गुजराती किंवा हिंदीत असतात, आपल्या खिडकीवरचा माणूस ते बाजूला सारतो आणि तपासण्या पुन्हा पहिल्यापासून होतात. मदत कक्षाच्या प्रस्तावात ‘परराज्यातले कागद वाचून देणारी व्यक्ती’ असं पद कुणी लिहिलेलं नसतं. पालक ते पहिल्या तासात सांगतात.

बैठक दीड तासाची ठेवा, पहिली वीस मिनिटं चहा-पाण्यात जाऊ द्या. नाव-गाव-आजार अशी ओळखपरेड करू नका. रडू आलं तर बैठक थांबवायची गरज नाही. कुणीतरी एक, आधी ठरवून ठेवलेलं, त्या बाईसोबत बाहेर जाऊन बसेल एवढी सोय हवी. आणि कुठल्याही पालकाला ‘तुमची कहाणी सगळ्यांना सांगा’ म्हणून उभं करू नका. वाटेवरची एखादी जागा तिनं वगळली तर ती तिची मर्जी.

*सावधान:* कर्मचाऱ्यांनी मध्ये बोलून खुलासा करायचा नाही, हा नियम सुरुवातीलाच मोठ्यानं सांगा. ‘त्या दिवशी डॉक्टर रजेवर होते म्हणून…’ असं एक वाक्य आलं की पालक समजूतदार होतात आणि गप्प बसतात. खुलासे लिहून ठेवा, पुढच्या बैठकीत त्यांची जागा आहे.

पायरी ७. गाऱ्हाण्यांतून रचना

दुसरी बैठक पंधरा दिवसांच्या आत. त्यापेक्षा उशीर झाला की लोक समजतात, नेहमीसारखंच झालं.

पहिल्या बैठकीतला प्रत्येक अडथळा एकेका चिठ्ठीवर लिहा, जमल्यास चित्रासह. मग पालकांसोबत त्यांची वाटणी करा: या आठवड्यात सुटेल असं, सही लागेल असं, आपल्या हाताबाहेरचं. पहिल्या ढिगातली निदान एक गोष्ट बैठकीच्या आधीच करून या. पाण्याचा माठ, मजला सांगणारी बाणाची पाटी, खिडकीपाशी बाकडं, एवढ्यानंही चालतं. पालकांना सांगण्यात अर्थ आहे असं दिसलं की दुसऱ्या ढिगावर खरी चर्चा होते.

दुसऱ्या ढिगावर पालकांना पर्याय द्या, कोरी पाटी नको. ‘मदत कक्ष आठवड्यात एकच दिवस पूर्णवेळ उघडा ठेवायचा की चार दिवस दोन-दोन तास?’ ‘पाठपुराव्याचा फोन सकाळी की रात्री आठनंतर?’ प्रत्येक पर्यायाची किंमत सांगा: रात्रीचा फोन हवा तर सकाळी माणूस उशिरा येणार. लोकांना तडजोड कळते, रोज घरात तेच करतात. किंमत लपवून विचारलं की सगळं हवंच म्हणतात आणि मग पालक अवास्तव मागण्या करतात अशी तक्रार होते.

मसुदा तयार झाला की तो वाचून दाखवण्यापेक्षा करून पाहा. एका पालकाला नवखी आई व्हायला सांगा आणि मदत कक्षाच्या दारातून आत येऊ द्या. तिनं विचारायचे प्रश्न पालकांनीच ठरवायचे. उदाहरणार्थ: ‘माझ्या पोरीला सिकलसेल आहे, तिला दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का?’ 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, म्हणजे अर्ज करता येतो. ‘मग निरामय विमा?’ हा दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे, नुसत्या सिकलसेलला नाही. कक्षातला माणूस दोन्हींची सरमिसळ करत असेल तर ती इथंच उघडी पडू दे. नाहीतर एखादं घर त्या चुकीपायी दिवस मोडून जिल्ह्याला हेलपाटा घालेल.

पायरी ८. निर्णयाच्या बैठकीत पालकांची जागा

शिक्षण हक्क कायदा 2009 सांगतो की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. कागदावर असतातच. पण रजिस्टर सहीसाठी घरोघर फिरतं, हे खेड्यात कुणाला नवीन नाही. संख्या आहे, पण बैठकीची रीत बदललेली नाही. म्हणून रीत बदला:

दोन पालक एकत्र बसवा, एकटा कधीच नको. विषयपत्रिका पीडीएफनं पाठवू नका, तीन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलीतला आवाज पाठवा आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना घरी जाऊन सांगा. प्रत्येक विषयावर पालक आधी बोलतील, डॉक्टर आणि अधिकारी नंतर. मोठ्या डॉक्टरांनी मत दिल्यावर त्याच्या विरुद्ध कोण बोलणार? कनिष्ठ डॉक्टरही बोलत नाहीत. इतिवृत्त तिथंच वाचून दाखवा आणि मतभेद असेल तर ‘पालक सदस्यांचं मत वेगळं होतं, ते असं’ हे वाक्य त्यात येऊ द्या. ‘सर्वानुमते’ हा शब्द हाताला सवयीनं येतो, तेवढा आवरा.

*तपासून पाहा:* मागच्या तीन निर्णयांपैकी एक तरी पालकांच्या बोलण्यामुळे बदलला का? एकही नसेल तर पायरी १ वर परत जा. मधला रकाना खरा नव्हता.

पायरी ९. लहान सुरुवात, मग परतबोली

सगळ्या जिल्ह्यात एकदम सुरू करू नका. एक तालुका, त्यात एक गाठायला सोपं गाव आणि एक अवघड पाडा, तीन महिने. किती जण आले हे मोजू नका, मेळाव्यालाही शेकड्यांनी येतात. मोजायचं ते हे: दुसऱ्यांदा किती आले, एका प्रमाणपत्राला किती खेपा झाल्या, एका खेपेला घरचे किती पैसे गेले. नोंद ठेवायला पालकांपैकीच दोघांना नेमा, मानधनासह.

तीन महिने संपले की ज्यांनी ज्यांनी वेळ दिला त्या सगळ्यांना सांगा: तुम्ही हे म्हणालात, आम्ही हे केलं, हे केलं नाही आणि का नाही. तिसरा भाग सगळे गाळतात, आणि पालक तोच लक्ष देऊन ऐकतात. ‘दुसरा फिजिओथेरपिस्ट मागितला होता, पद मंजूर झालं नाही’ हे सरळ सांगितलं तर लोक ऐकून घेतात. हे झाल्याशिवाय पुन्हा कुणाला काही विचारायला जाऊ नका.

पायरी १०. पालक कर्मचारी होऊ लागतात तेव्हा

चांगलं काम करणाऱ्या आईकडे हळूहळू सगळं सरकतं. नव्या घरांना समजावणं, रात्रीचे फोन, फॉर्म भरून देणं. कुणी ठरवून करत नाही, पण वर्षभरात ती बिनपगारी कर्मचारी झालेली असते आणि घरातलं पोर तसंच असतं. तिच्याकडून नियमित काम हवं असेल तर पद काढा, तास ठरवा, पगार द्या आणि निर्णयाच्या समितीतली तिची जागा दुसऱ्या पालकाला द्या. पगार देणाऱ्यासमोर पालक म्हणून मोकळं बोलणं जमत नाही.

समितीचा कार्यकाळ दोन वर्षांचा ठेवा. दरवर्षी निम्मे पालक बदला, म्हणजे जुने-नवे एक वर्ष सोबत राहतील. नव्यांची ओळख जुन्या पालकांनी करून द्यायची, तुम्ही नाही. मधेच कुणी थांबलं तर कारण विचारायला जाऊ नका, उरलेला खर्च मात्र पोचता करा. आणि निघणाऱ्या प्रत्येकाला संस्थेच्या लेटरहेडवर अनुभवपत्र द्या, ज्यात ‘सहभाग घेतला’ एवढंच न लिहिता त्यांनी काय काम केलं, किती काळ केलं आणि कोणता बदल घडवला, ते नीट लिहिलेलं असेल. अंगणवाडी मदतनिसाच्या किंवा बचत गटाच्या समूह संसाधन व्यक्तीच्या जागेसाठी अर्ज करताना तो कागद दाखवता येतो.